आडव्या उजेडातली भिंत

आळे, ता. जुन्नर
१८ जानेवारी २००४

चि. अमृतास,
आबाचा आशीर्वाद व जयभीम.

भिंतीवर गोटा घासल्याचा आवाज तू कधी ऐकला नसशील. ओल्या मातीवर नदीतला गुळगुळीत गोटा फिरायला लागला की आधी खर्र खर्र व्हायचं, मग हळूहळू सुर्र, आणि मग आवाजच नाहीसा व्हायचा. आवाज थांबला की माझी आई म्हणायची, "झाली भिंत." मी तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या वयाचा. गावात कोणाचंही घर लिंपायला काढलं की आतल्या भिंती त्यांच्या बायका करायच्या, पण रस्त्याकडच्या भिंतीवरचा शेवटचा हात माझ्या आईचा. त्या दारात आम्हाला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, भिंत मात्र आमच्या हातची लागायची. काल उन्हाला बसलो होतो. शेजारी कोणी परात घासत होतं आणि एकदम तोच आवाज आला. मग दिवसभर कुठं करमेना.

तू मामाबरोबर पुण्याला गेलीस त्याला दिवाळी होऊन गेली. नवनाथ फोनवर म्हणतो, "बरी हाय." फोनवर मला हॅलोच्या पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तू नेमकं काय काम करतेस ते लिही. लोक विचारतात. मी सांगतो, भिंतीचं. ते म्हणतात, म्हणजे गवंड्याच्या हाताखाली का? तुझी आई म्हणते, तिकडं कागदाच्या भिंती करतात. कागदाची भिंत ही कल्पना मला फार आवडली. उभा जन्म शाळेत घंटा वाजवण्यात गेला. व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून खिडकीतून येतील तेवढ्या सगळ्या इयत्तांच्या कविता पाठ केल्या, पण कागदाची भिंत काही कोणाला सुचलेली आढळली नाही.

लोणीहून तुला स्थळ आलं आहे. धर्माजींचा धाकटा, एस.टी.त मेकॅनिक आहे. यात्रांचे दिवस सरले की बघायला येतो म्हणतात. तुझा बाप गेल्यापासून माझ्या चिमाला लेकीशिवाय दुसरा विषय नाही. उत्तर लगेच लिही. टपाल दुपारी येतं, मी सकाळपासून ओट्यावर असतो.

तुझा आबा
भागुजी

*

हिंजवडी, पुणे
४ फेब्रुवारी २००४

ती. आबांस,
अमृताचा जयभीम.

तुमचं पत्र मामानं न उघडता माझ्या हातात दिलं. म्हणाला, "आबांचं हाय. बसून वाच, उभ्यानं सरायचं न्हाई."

काम असं आहे. इथं कंपन्यांची ऑफिसं उभी राहतात. बाहेरून सगळी काच आणि आत नुसता माळ. त्या माळात खोल्या पाडायच्या. आधी पत्र्याचा सांगाडा उभा करतात, त्याला दोन्ही अंगांनी जिप्समचे बोर्ड स्क्रूनं मारतात. बोर्ड म्हणजे दोन जाड कागद आणि मधे खडूसारखी पांढरी भर. म्हणजे आई म्हणते ते अगदीच खोटं नाही. दोन बोर्ड भेटतात तिथं सांधा दिसतो, स्क्रूची डोकी दिसतात. ते सगळं नाहीसं करायचं, हे मामाच्या टोळीचं काम. सांध्यात पांढऱ्या भुकटीचा कालवलेला माल भरायचा, वरून कागदी पट्टी दाबायची, वाळू द्यायचं. मग दुसरा हात, मग त्याहून रुंद तिसरा. वाळलं की पॉलिशपेपरनं घासायचं. शेवटी सुपरवायझर येतो, वरचे दिवे मालवतो आणि हातातला दिवा भिंतीला टेकवून आडवा धरतो. समोरून भिंत कितीही चांगली दिसो, आडव्या उजेडात तिचं सगळं उघडं पडतं.

माल ओढायला रुंद, पातळ पोलादी पातं असतं, त्याला पत्ती म्हणतात. पत्ती ज्याच्या हातात तो कारागीर. बाकीचे हेल्पर. मी हेल्पर. माल कालवते, बालद्या वाहते, उंचावर चढायची लाकडी घोडी सरकवते, घासते. संध्याकाळी माझ्या भुवया तुमच्यासारख्या होतात.

पण आबा, गडी जेवायला बसले की मी लिफ्टच्या मागच्या खोलीत जाते. तिथं भिंतीला कपाटं लागणार आहेत, म्हणून कोणी बघत नाही. एक मोडक्या मुठीची पत्ती मिळाली आहे. आधी नुसत्या रेघा उठायच्या. आता माल सपाट बसतो. पत्ती किती तिरपी धरायची ते हाताला कळतं, मला सांगता येत नाही. परवा मामानं बघितलं. भिंतीवरून तळवा फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हौस फिटली? आता बालद्या धू."

हौस नाही आबा. मला पत्ती पाहिजे. ती मिळाल्याशिवाय इथं चैन पडणार नाही आणि गावाकडंही पडणार नाही. मामा दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही, तुमचा शब्द मोडत नाही. त्याला लिहा. लोणीचं तेवढं थोपवून धरा, आणि आईला यातलं काही सांगू नका.

तुमची
अमृता

*

आळे
२० फेब्रुवारी २००४

चि. अमृतास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी ओट्यावरून उठलो आणि पार आळेफाट्यापर्यंत चालत गेलो. नाशिकच्या गाड्या, नगरच्या गाड्या, सगळं बघत उभा राहिलो आणि काही न करता परत आलो. पाय थांबेनात. आपल्या घरातला हात पुन्हा भिंतीवर फिरतो आहे, या एका विचारानं.

त्याच दिवशी नवनाथला लिहायला बसलो. चांगलं चार पानी पत्र झालं. दोन वाक्यांचा निरोप कोणीही पाठवील, पण अशी गोष्ट मनाला भिडली पाहिजे. आईचा गोटा लिहिला, ओढ्याकाठची पांढरी माती लिहिली, तुझ्या लहानपणीच्या हातांचं वर्णन केलं. शेवटी दोन ओळी आपोआप जुळल्या:

हात हे कोवळे, कर्दळीची पाने,
ओझे नको त्यांना, द्यावे योग्य स्थाने.

शाळेत चालीवर म्हणण्यासारख्या झाल्या आहेत. तू निर्धास्त राहा. पत्ती तुझ्या हातात आलीच म्हणून समज.

तुझा आबा

*

हिंजवडी
३ मार्च २००४

ती. आबांस,
जयभीम.

तुम्ही मामाला काय लिहिलंत?

सोमवारी त्यानं मला बोलावलं. तुमचं पत्र खिशात होतं, घडीवर मालाचे डाग पडलेले. म्हणाला, "आबांचा जीव तुटतोय तुझ्यासाठी. कर्दळ काय, पानं काय. तुला ओझं उचलू देऊ नको म्हणत्यात. आजपासून तू आत बस." आत म्हणजे साईटच्या कडेला पत्र्याची केबिन आहे. त्यात टेबल, खुर्ची, पंखा आणि हजेरीचं रजिस्टर. मी म्हणाले, मामा, आबांना तसं म्हणायचं नसेल. तो म्हणाला, "चार पानं लिवल्यात, आता अजून काय म्हणायचं ऱ्हायलं?"

आता मी दिवसभर पंख्याखाली बसते. सकाळी गड्यांची नावं, संध्याकाळी गड्यांची नावं. मधल्या वेळात पॉलिशपेपरचा आवाज येत राहतो आणि कोण नीट घासतंय, कोण चुकारपणा करतंय, ते मला बसल्या जागी कळतं. चार वेळा उठून दारापर्यंत जाते आणि परत बसते. बालद्या वाहत होते तेव्हा निदान भिंतीजवळ होते. तेही गेलं.

टोळीतला पप्पू म्हणतो, "अमृताताई, तुमचं बरंय राव. आमाला पण आबा द्या एखादा."

अमृता

*

आळे
१६ मार्च २००४

चि. अमृतास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'योग्य स्थान' म्हणजे मी भिंतीसमोरचं म्हणत होतो गं. त्याला खुर्ची दिसली. एवढा वाढवलेला माझा मुलगा, पण शाळेत असल्यापासून कवितेच्या तासाला बाहेर बघायचा.

आता एका कार्डावर सरळ लिहिलं आहे: 'अमृताला पत्ती दे. खुर्ची नको. भागुजी.' वर-खाली एक अक्षर नाही. उत्तर अजून नाही. टपालवाला लांबूनच हात हलवतो.

इकडं वेगळाच घोळ झाला. चिमानं लोणीला सांगून टाकलं की पोरगी ऑफिसात खुर्चीवर असते. ते लोक खूश झाले. धर्माजींची मंडळी प्रयागबाई, त्यांनी निरोप धाडला की मग यात्रांच्या नंतर कशाला, आधीच उरकू. मी कसंबसं १६ मेपर्यंत ढकललं आहे. चिमाला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिला खरं सांगायची चोरी, म्हणून मी आपला मळ्याच्या वाटेनं येरझाऱ्या घालतो. एका जागी बसून कविता म्हणायचं माझं वय आणि तू मला वणवण करायला लावलीस. पण रागावून लिहीत नाही हे.

आबा

*

हिंजवडी
३० मार्च २००४

ती. आबांस,
नवनाथचा जयभीम.

तुमची दोन पत्रं भेटली. पयल्यात काय म्हणायचं व्हतं ते समजलं न्हाई. दुसऱ्यात समजलं, पण जमणार न्हाई.

तिचा हात चांगलाय. ते मी नाकारत न्हाई. लिफ्टमागची भिंत मी तिला न सांगता दिवा लावून बघितली. पण आबा, भिंत बिघडली तर पप्पूला शिवी घालून मी पुना करून घेतो. अमीला शिवी कशी घालू? चिमाची पोर. आन शिवी खाल्ल्याबिगर कारागीर झालेला माणूस मी तरी बघितला न्हाई. गडी तिच्या बरोबरीनं घोडीवर चढायला लाजत्यात. उद्या ते म्हणतील मुकादमानं भाचीला पुढं काढली. टोळी सांभाळायची का घरचं बघायचं, तुमीच सांगा.

लोणीच्या धर्माजींनी मलाबी फोन केला व्हता. मी म्हणालो, ऑफिसात हाय. खोटं न्हाई ते. खुर्चीवर बसती, पंखा हाय, इज्जतीत हाय. लगीन करून देऊ आन मोकळं व्हऊ.

तुमी उन्हात फाट्यावर जाता असं कळलं. जाऊ नका. माझं लिहिणं तोडून असतं, राग धरू नका.

नवनाथ

*

हिंजवडी
२५ एप्रिल २००४

ती. आबांस,
जयभीम.

चैत्र लागला आणि टोळी विरघळली. सगळे जुन्नर-आंबेगावचे गडी. आज याच्या गावची यात्रा, परवा त्याच्या. आणि नेमकी लांबच लांब पॅसेजची भिंत कंपनीला ताब्यात द्यायची होती. मामा एकेकाला थांब म्हणाला. कोणाला देवाचा मान, कोणाच्या घरी पाव्हणे. पप्पू म्हणाला, "शर्यतीच्या घाटात आमचा बैलगाडा हाय. बैलं माझ्या आरोळीबिगर पळत न्हाईत." मामा म्हणाला, "मग बैलंच हिकडं घेऊन ये, तेवढीच मदत व्हईल."

शेवटी साईटवर मामा आणि मी. रजिस्टरात मांडायला माणूसच नव्हता. मी ते मिटलं, पप्पूच्या पिशवीतली पत्ती घेतली आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मामानं घोडीवरून बघितलं. हाक मारली नाही. दुपारनंतर एवढंच म्हणाला, "माल आळतोय तुझा. पाणी कमी पडलं." आबा, हे तो कारागिरांना म्हणतो. हेल्परला म्हणतो, "अकल गहाण टाकली का?"

सुपरवायझर आला, दिवे मालवले, आडवा उजेड धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. माझ्या आणि मामाच्या, दोन्ही अंगांना चुकलं तिथं पेन्सिलीनं खुणा केल्या. कोणाच्या अंगाला कमी, ते मी मोजलं नाही. मामानं मोजलं असावं, कारण तो बराच वेळ तिथं उभा होता. खुणा दुरुस्त झाल्या, भिंत पास झाली. त्या दोन दिवसांत मला तहान लागल्याचं आठवत नाही.

मग गडी आले, कपाळाला गुलाल, पिशव्यांत पेढे. मामा सगळ्यांच्या समोर म्हणाला, "अमे, रजिस्टर कुठाय?"

मी म्हणाले, "मामा, आणि ती भिंत?"

"ती अडचण व्हती."

पप्पू म्हणाला, "ताई, तुमी पंख्याखाली बसा. तुमी उठल्या की आमाला उकडतं." सगळे हसले. मामा हसला नाही, पण मला भिंतीपाशी थांबवूनही घेतलं नाही.

मी इथून निघाले आहे. कुठं ते आज लिहीत नाही, कारण अजून पक्कं नाही. काळजीचं काही नाही. कामाचंच आहे.

अमृता

*

कार्ड
आळे, ३ मे २००४

चि. नवनाथ,
अमृता कुठे आहे? तिची पेटी तुझ्याकडे आहे की नाही? एका ओळीत कळव. चिमाला मी सांगितलं आहे की कामाच्या गडबडीत आहे. १६ तारखेला लोणीचे लोक येणार आहेत.
भागुजी

*

८ मे २००४

ती. आबांस,
जयभीम.

पाकिटावरचा शिक्का तुम्ही बघितलाच असेल. मी आळेफाट्यावर आहे.

इंद्रायणी आठवते? माझ्याबरोबर दहावीला होती, दोन वेण्यांची. तिच्या मावशीचं घर इथं गॅरेजच्या मागं आहे, तिथं आम्ही राहतो. चौकातल्या त्या नव्या हॉटेलात वर ए.सी.चा फॅमिली हॉल करतायत. मालकाला पुण्यासारखं पार्टिशन पाहिजे होतं आणि पुण्याचे लोक एवढ्याशा कामाला यायला तयार नव्हते. बोर्ड मारायला त्यांचा सुतार आहे. सांधे माझे. इंद्रायणी माल कालवते. पहिल्या दिवशी मी तिला म्हणाले, अकल गहाण टाकली का? मग आम्ही दोघी पायरीवर बसून हसलो.

मालक म्हणाला, "मुकादम कुठाय?" मी म्हणाले, समोर आहे. तो म्हणाला, "बिघडलं तर?" मी म्हणाले, तर मीच फोडीन आणि मीच करीन. तो अजून रोज दोनदा येऊन बघतो.

आबा, तुम्ही संध्याकाळी येता, पुण्याच्या गाड्यांच्या बाजूला उभे राहता, प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायकांकडं बघता. मी वरच्या खिडकीतून बघते. खाली पळत यावंसं वाटतं. येत नाही, कारण आले की घरी जावं लागेल, आणि घरी गेले की १६ तारीख आहे. ही एक भिंत पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी होऊ दे. अर्धी सोडली तर सगळे म्हणतील, हौस होती.

आईला आणि मामाला सांगू नका. माल मात्र पुण्यातल्या मामाच्याच दुकानदाराकडून मागवावा लागला. तो तोंडाचा फाटका आहे, त्याची धास्ती वाटते.

अमृता

*

आळे
१६ मे २००४, संध्याकाळ

चि. अमृतास,
आशीर्वाद.

हे पत्र टपालानं टाकणार नाही. इंद्रायणीची मावशी उद्या बाजाराला येणार आहे, तिच्या हाती देईन.

आधी माझा गुन्हा सांगतो. मी बुधवारी हॉटेलात वर जाऊन आलो. तुम्ही दोघी चहाला गेला होतात, हे बघूनच गेलो. सूर्य जुन्नरच्या बाजूला कलला होता आणि खिडकीतून ऊन अगदी भिंतीला लागून आडवं आलं होतं. मी गाल भिंतीपाशी नेऊन एक डोळा मिटून बघितलं. एक पोऱ्या टेबलं पुसत होता, तो म्हणाला, "आजोबा, काय हरवलं का?" मी म्हणालो, "सांधा." त्यालाही वाटलं मदत करावी. आम्ही दोघांनी मिळून शोधला, सापडला नाही. खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात मात्र जरा उंचवटा वाटला. माझे डोळे असतील. तरी बघून घे.

परतताना मला एकही कविता आठवली नाही. रस्ताभर नुसता चालत होतो.

आता आजचं. धर्माजी आणि प्रयागबाई अकराच्या गाडीनं आले. चिमानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मी तिला पहाटेच सांगून टाकलं की तू येणार नाहीस. ती एवढंच म्हणाली, "आता तुमीच बसा त्यांच्यापुढं." मग मी बसलो.

धर्माजी म्हणाले, "पोरगी दिसंना."

"कामावर आहे."

"रविवारी ऑफिस?"

"ऑफिसात नाही ती. होती थोडे दिवस, मग उठली. भिंती करते. पुण्याला ऑफिसांच्या केल्या, आता स्वतःच्या हिमतीवर एक घेतली आहे."

धर्माजींनी बशीतला चहा परत कपात ओतला. म्हणाले, "आमाला तर खुर्ची सांगितली व्हती." मी म्हणालो, खुर्ची खरी होती, तिला मानवली नाही. प्रयागबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "घोडीवर चढती?" म्हणालो, चढते. "साडी नेसून?" म्हणालो, ते मला माहीत नाही. त्या चिमाकडं वळून म्हणाल्या, "बाई, तुझी पोर तुला तरी सांगून जाती का?" चिमा कपबशा उचलायला लागली. जाताना धर्माजी म्हणाले, कळवतो. चिमा म्हणते, ते कळवायचे नाहीत. मलाही तसंच वाटतं. त्याचं तुला वाईट वाटलं तर माझ्यावर राग धर. मला मात्र, खरं सांगतो, हलकं वाटलं, आणि ते चिमाला दिसलं म्हणून ती दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. पोळ्या मात्र दोन जास्त लाटल्या आहेत आणि कोणासाठी ते सांगत नाही. मी तिला तुझा ठावठिकाणा अजून सांगितलेला नाही. तू परवानगी दे, मग

जरा थांबलो होतो. दारात कोणी उभं आहे. चिमा म्हणाली, "कोण पावणं, आत या की." माणूस आत येईना. मला आधी वाटलं धर्माजी काही विसरले.

नवनाथ आहे.

ज्याला माझ्या आजारपणालाही सवड झाली नाही तो नवनाथ. गावात यायचं म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात मिठाईचा पुडा. आज कामाच्या कपड्यांत आहे. कानांवर, केसांत पांढरी धूळ तशीच. चिमानं पाणी दिलं, तांब्या हातात धरून उभा आहे, पीत नाही. चिमानं विचारलं, "अमीला काय झालं का?" तो म्हणाला, "काय न्हाई झालं. बरी हाय ती." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, दुकानदारानं सांगितलं मला. फाट्यावर उतरलो, चहा घेतला, भिंत बघितली. ती जिन्यावरच्या खोलीत व्हती, घासायचा आवाज येत व्हता. मी पुढं गेलो न्हाई."

मी विचारलं, का नाही गेलास?

"तिची साईट हाय. तिनं बोलावल्याबिगर कसं जायचं? तुमी इचारून सांगा. तवर मी हितंच हाय."

चिमा एकदा त्याच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं. तुझं काय उत्तर असेल ते याच कागदाच्या मागं लिहून पाठव. मावशीची उद्यापर्यंत वाट बघत नाही, शेजारच्या पोराला सायकलवर आत्ताच पाठवतो. तुझा मामा उंबऱ्यावर बसला आहे.